हार्डींनी नाकारलेली संख्या

दहा अब्ज नव्याण्णव कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणनव्वद. फळ्यावर ती १०,९९,९९,९९,९८९ अशी लिहावी आणि वर्गाला ९ ने गुणायला सांगावे. उत्तर येते ९८,९९,९९,९९,९०१, म्हणजे तेच अंक उलट्या क्रमाने. वर्ग खूश होतो. पण पुढे काय?

जी. एच. हार्डी यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' (१९४०) या पुस्तकात याच कुळातल्या धाकट्या संख्या निकालात काढल्या आहेत. उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या आणि शेवटी शून्य असणाऱ्या संख्या सोडल्या, तर चार अंकी संख्यांत दोनच आपल्या उलट संख्येच्या पटीत असतात : ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. हार्डींच्या मते हे कोड्यांच्या सदरात शोभेल. गणितज्ञाला त्यात काही नाही, कारण त्यातून व्यापक असे काही निघत नाही.

हार्डींचा मापदंड आम्हाला मान्य आहे. संख्येचा गुण वेगळा आणि ती लिहिण्याच्या पद्धतीचा गुण वेगळा. ९७ ही मूळ संख्या; तेवढ्या गोट्या दोन किंवा अधिक ओळींच्या आयतात मांडताच येत नाहीत, मग ती संख्या कशीही लिहा. अंक उलटवणे ही मात्र कागदावरची क्रिया. 'अंकांच्या गमती' छापणारी सदरे हा फरक कधी सांगत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे.

तरीही या उदाहरणात हार्डींनी घाई केली, असे आम्हाला वाटते. १०८९ म्हणजे ११ × ९९, आणि ९८०१ म्हणजे ९९ × ९९. आता दुसऱ्या ९९ च्या जागी कितीही नऊ घ्या. पहिला गुणाकार म्हणजे ११ पुढे तितकी शून्ये, वजा ११; दुसरा म्हणजे ९९ पुढे तितकी शून्ये, वजा ९९. दोन्ही वजाबाक्या शेजारी शेजारी करून पाहाव्यात. आरंभीची संख्या नऊ नवांची आहे, इतकेच.

शिवाय हे दशमान पद्धतीपुरतेही नाही. अष्टमान पद्धतीत १०६७ × ७ = ७६०१ येते (आपल्या नेहमीच्या अंकांत ५६७ × ७ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग). ८७१२ चे रहस्य तर याहून चांगले. २१७८ = २२ × ९९. दहाला २ ने भागले की ५, त्यातून १ वजा, म्हणून गुणक ४. आठाला २ ने भागले की ४, म्हणून गुणक ३ : अष्टमानात २१५६ × ३ = ६५१२. म्हणजे अंकांच्या या खेळामागे पायाचे विभाजक उभे आहेत. हार्डींना हवी होती ती व्यापकता हीच नव्हे काय?

त्यांच्या दुसऱ्या उदाहरणाबद्दल, म्हणजे अंकांच्या घनांची बेरीज असणाऱ्या १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ यांच्याबद्दल, आमचे भांडण नाही. पण देवळालीला शाळेत शिकवता शिकवता द. रा. कापरेकर जन्मभर ६१७४ सारख्या अंकांच्या मागे राहिले, ते हार्डींच्या एका परिच्छेदाने व्यर्थ ठरत नाही.

द्वादशमान पद्धतीत ४३७८ ची दुप्पट ८७३४ येते. याच रीतीने मिळणारी चार अंकी भावंडे आणखी तीन आहेत. ती वर्गाने शोधावीत.