धूर, अग्नी आणि रक्ताचा रिपोर्ट



सत्तरी ओलांडलेली चार माणसं जमली, की हल्ली गुडघ्यांइतकीच चर्चा रिपोर्टमधल्या आकड्यांची होते. शरीरातल्या ज्या मोजता येणाऱ्या खुणेवरून रोग किंवा औषधाचा परिणाम ओळखतात, तिला बायोमार्कर म्हणतात. या खुणा पाहून प्रत्येकाला त्याच्यापुरता उपचार देऊ, असं आजचं वैद्यक सांगतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक आमचा प्रांत नव्हे. पण खुणेवरून अनुमान कसं करावं, हा प्रश्न मात्र आमचाच आहे.

न्यायदर्शनातलं नेहमीचं उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण धुराची अग्नीशी व्याप्ती आहे. उलट बाजूने ते चालत नाही. अग्नी असला तरी धूर निघायला इंधन ओलं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. बायोमार्करची परीक्षा इथेच होते.

स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन फार जास्त असतं. 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमकं त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. इथे खूण ही नुसती खूण नाही, रोगाला बळ देणारं कारणही तीच आहे.

आता प्रोस्टेटची पीएसए तपासणी पाहा. हा आकडा कर्करोगात वाढतो, तसाच वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा तिला सूज आली तरी वाढतो. शिवाय सापडलेला प्रत्येक कर्करोग जिवावर उठणारा नसतो, पण त्यावरच्या उपचाराने लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने 2018 मध्ये सांगितलं, की 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको.

तिसरी गोष्ट ‘जैविक वया’ची. स्टीव्ह हॉरवाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरच्या 353 जागांच्या रासायनिक खुणांवरून वय सांगणारं घड्याळ मांडलं. ते जन्मतारखेवरूनच शिकवलेलं. म्हणजे गंमत बघा, हे घड्याळ अगदी बिनचूक झालं, तर जन्मदाखल्यापेक्षा जास्त काय सांगणार? जे कळायचं ते त्याच्या चुकण्यातूनच. पुढची घड्याळं मृत्यूच्या जोखमीवर बेतली गेली, हे योग्यच झालं. पण जोखीम सांगणारा आकडा खाली आणला म्हणजे आयुष्य वाढलं, असं होत नाही. धूर पांगवल्याने आग विझत नाही.

आणि ‘व्यक्तिगत’ उपचार? हर-टू पॉझिटिव्ह हेसुद्धा एका गटाचंच नाव आहे. गट लहान झाला, नेमका झाला, हा मोठाच लाभ. पण त्या गटातली बाई एकटी राहते की लेकीकडे, तिला कशाची भीती वाटते, हे कुठलंही प्रथिन सांगत नाही. ते विचारावंच लागतं.

तेव्हा तपासणी लिहून दिली, की डॉक्टरांना नम्रपणे एवढं विचारा: “हा आकडा असा आला काय नि तसा आला काय, माझ्या उपचारात फरक काय पडेल?” फरक पडणार असेल, तर जरूर करा. नसेल, तर तो आकडा उशाला घेऊन झोप कशाला घालवायची?