विशेषणाची संगत

इंग्रजींतील एखादें अपरिचित विशेषण शिकणें सोपें असतें. तें वाक्यांत नीट बसविणें कठीण. नामाचा संबंध बहुधा वस्तूशीं व क्रियापदाचा क्रियेशीं येतो, परंतु विशेषणाचा संबंध बोलणाराच्या मताशीं येतो. नाम चुकलें तर वाचकास आमचें अज्ञान दिसतें व तो तें पोटांत घालतो. विशेषण चुकलें तर आमच्या मनांत नसलेला निकाल आमच्याच सहीनें बाहेर पडतो. ही गोष्ट आमच्या शिकलेल्या वर्गाच्या ध्यानांत पुरतेपणीं आलेली दिसत नाहीं.

उदाहरणादाखल 'एग्रीजिअस' हें विशेषण घेऊं. पनवेलच्या परिसरांतील एका शाळेंत निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांस विद्यार्थ्यांनीं इंग्रजींत मानपत्र अर्पण केलें. त्यांत गुरुजींच्या दीर्घ सेवेस हें विशेषण लावलें होतें. लिहिणारा मुलगा हुशार होता. त्यानें शब्दांची एक यादी पाठ केली होती, आणि तींत या शब्दापुढें 'असामान्य, उठून दिसणारा' एवढाच अर्थ दिला होता. सभेंत टाळ्या झाल्या. ज्या थोड्यांस इंग्रजी चांगलें येत होतें त्यांनीं माना खालीं घातल्या. कारण गुरुजींची सेवा कमालीची निंद्य होती, असा त्या वाक्याचा आजच्या इंग्रजीप्रमाणें अर्थ झाला होता. मुलाचा भाव निर्मळ, व्याकरण निर्दोष, अर्थही यादींतला. तरी वाक्य अपमानाचें. मग दोष कोठें होता?

शब्दाचा जन्म पाहिला तर मुलाची बाजू बळकट वाटते. लॅटिनमध्यें 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यास 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'कळपांतून वेगळा निघालेला' असा अर्थ झाला. सभा या अर्थाचा 'काँग्रिगेशन' व माणसांत रमणारा या अर्थाचा 'ग्रिगेअरिअस' हे शब्द त्याच कुळांतले. सोळाव्या शतकांत हा शब्द इंग्रजींत आला तेव्हां तो मानाचा होता. मार्लोनें 'टॅम्बरलेन' नाटकाच्या दुसऱ्या भागांत राजप्रतिनिधींस उद्देशून तो गौरवानेंच योजिला आहे. पण त्याच शतकांत लोक तो उपरोधानें वापरूं लागले, आणि उपरोधानें हळूहळू मूळ अर्थ गिळून टाकला. १७५५ सालीं डॉ. जॉन्सननें आपल्या कोशांत दोन्ही अर्थ नोंदविले, पण वाईट अर्थच रूढ आहे असा शेराही मारला. इटालियन भाषेंत मात्र या शब्दाचा सख्खा भाऊ 'एग्रेजो' औपचारिक पत्रांच्या मायन्यांत आदरार्थीं उरला आहे. एकाच आईचीं दोन मुलें. एक दरबारीं बसलें, दुसरें बदनाम झालें.

यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. सम्राट अशोकानें आपल्या शिलालेखांत स्वतःस 'देवानांप्रिय' म्हणवून घेतलें. आपल्या कोंकणांत सोपाऱ्यास १८८२ सालीं सांपडलेला शिलालेखाचा तुकडा त्याच्याच आज्ञेचा आहे. तेंच पद पुढें संस्कृत वैयाकरणांनीं 'मूर्ख' या अर्थीं नोंदविलें. मराठींत 'दिवटा' म्हणजे मशाल; पण 'दिवटे चिरंजीव' म्हटलें कीं घराण्याचा उजेड कोणास आठवत नाहीं. शिवछत्रपतींचा 'प्रताप' वेगळा, आणि 'काय प्रताप केलेस?' असें आई विचारते तो वेगळा. हिशेबानें दीडशहाणा हा शहाण्यापेक्षां अर्ध्यानें अधिक भरावा. व्यवहारांत तो कमीच भरतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या साहेबानें केवळ व्युत्पत्तीच्या आधारें आपल्या यजमानांस 'दीडशहाणे गृहस्थ' म्हटलें, तर आपणांस हंसूं येईल. मानपत्रांतील चूक त्याच जातीची आहे.

म्हणून विशेषणाचा अर्थ त्याच्या कुळांत न शोधतां संगतींत शोधावा. काळा तो कुट्ट, पांढरा तो शुभ्र, पिवळा तो धमक आणि हिरवा तो गार. 'हिरवाधमक' म्हणण्यास व्याकरणाची हरकत नाहीं, कानाची आहे. गवई पट्टीचा, वैद्य निष्णात, चोर अट्टल. 'अट्टल वैद्य' म्हटलें तर रोगी उठून पळेल. 'एग्रीजिअस'ची संगत आज चूक, अन्याय, नियमभंग, असत्य, सत्तेचा दुरुपयोग यांच्याशीं आहे. तेथेंही दोन अटी आहेत. पहिली अशी कीं, ज्या नामास तें लावावयाचें तें आधींच दोषवाचक असावें, किंवा संदर्भानें तसें ठरलेलें असावें; हें विशेषण दोष निर्माण करीत नाहीं, असलेल्या दोषाचें माप सांगतें. दुसरी अशी कीं, तो दोष इतर दोषांतून उठून दिसण्याइतका मोठा व उघड असावा. न्यायाधीशानें सख्ख्या भावाचा खटला स्वतः चालविला, तर तें वर्तन 'एग्रीजिअस' होय. कारकुनाच्या पत्रांत एक स्वल्पविराम राहिला, तर ती चूक तशी नव्हे. वैशाखाचा उकाडा कितीही असह्य झाला तरी त्यास हें विशेषण शोभत नाहीं, कारण हवेकडे अपराध नसतो. म्हणजे कळप अजून शब्दांत शिल्लक आहेच. तो मेंढरांचा न राहतां दोषांचा झाला एवढेंच. मराठींत यास एकच प्रतिशब्द शोधणें व्यर्थ आहे. खोटें असेल तर तें धडधडीत, अन्याय असेल तर ढळढळीत, लबाड असेल तर अट्टल. आणि चूक असेल तर विशेषणच नको, 'घोडचूक' पुरे.

कळपाबाहेर पडलेल्यास भूषण म्हणावें कीं दूषण, हा प्रश्न मात्र शब्दानें सुटत नाहीं. पनवेल तालुक्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ चा. १८७९ सालीं ते पकडले गेले, पुण्यास त्यांच्यावर खटला झाला, जन्मठेपेवर त्यांस एडनला पाठविण्यांत आलें, आणि १८८३ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. सरकारच्या लेखीं ते दरोडेखोरांचे नायक होते; आज 'आद्य क्रांतिवीर' ही उपाधि लावल्यावांचून त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. 'कुख्यात' आणि 'विख्यात' यांत ख्याति तीच. उपसर्ग कोणता लावावा हें लावणारा ठरवितो. विशेषण लावणें म्हणजे निकाल देणें होय, आणि निकाल देणाऱ्यानें आपल्या शब्दाचें आजचें वजन जाणलेंच पाहिजे.

या कसोटीस आपले बाजारांतील शब्दसंग्रह उतरत नाहींत. परीक्षार्थींसाठीं छापलेल्या याद्यांत शब्दापुढें एक प्रतिशब्द असतो, वाक्य नसतें. जणूं काय एका नाण्याची दुसऱ्या नाण्यांत मोड करून द्यावयाची आहे! मोल्सवर्थनें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. शब्द कोणत्या वाक्प्रचारांत व कोणत्या म्हणींत येतो हें दाखविण्याची त्यांत जागोजाग खटपट आहे. म्हणूनच तो कोश अद्यापि उघडला जातो. परक्या माणसानें आपल्या भाषेसाठीं घेतलेले हे श्रम आपण इंग्रजीसाठीं टाळावे, हें शोभत नाहीं. नवें विशेषण भेटलें कीं तें चांगल्या लेखकांच्या निदान पांच-सहा वाक्यांत पाहावें, त्याच्या शेजारचीं नामें टिपून ठेवावीं, आणि मगच लेखणी उचलावी.

हा उपदेश इंग्रजीपुरताच आहे असेंही नाहीं. आमच्या पुस्तकपरीक्षणांत प्रत्येक कादंबरी 'अप्रतिम' व प्रत्येक काव्यसंग्रह 'अजोड' ठरूं लागला आहे. जे शब्द एकटेपणासाठीं जन्मले त्यांनाच आपण कळपांत कोंडतों. उद्यां वाचक 'अप्रतिम' हा शब्दही उपरोधानेंच वाचूं लागले, तर तो दोष भाषेचा नसून परीक्षकांचा असेल.