जहांगीरच्या पायऱ्यांपुढची जागा

जहांगीर आर्ट गॅलरीविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, ते बहुतेक तिच्या आतल्या भिंतींविषयी. कोणाचे प्रदर्शन लागले, कोणाचे गाजले, तारीख मिळायला किती वर्षे थांबावे लागते, याची चर्चा चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्या करत आल्या आहेत. पायऱ्यांच्या बाहेरची जागा मात्र समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. ती वाहतूक पोलिसांची, महापालिकेची, फार तर वारसा जपणाऱ्या मंडळींची. माझे म्हणणे असे की, ही जागाही प्रदर्शनाचाच भाग आहे आणि चित्राची करतो तितक्याच गांभीर्याने तिची समीक्षा व्हायला हवी. गेल्या पाव शतकात काळा घोडा परिसर नव्याने घडवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत दिसण्यावर पुष्कळ मेहनत झाली. बसण्याचा, थांबण्याचा, रेंगाळण्याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला.

आधी इमारतीकडे पाहू, कारण बाहेरच्या जागेचे सूत्र तिच्यातच आहे. १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ. मुंबईला अशी गॅलरी हवी, हा आग्रह धरणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा होते. वास्तुरचनेच्या संदर्भात जी. एम. भुता आणि दुर्गा बाजपेयी ही दोन्ही नावे घेतली जातात. शेजारचे म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली लोकांना खुले झाले. जॉर्ज विटेटची ती देखणी इमारत रस्त्यापासून मागे सरून, बागेच्या आड बसली आहे. फाटक, तिकीट, मग बागेतून चालत जाणे आणि शेवटी घुमटाखाली शिरणे, असा तिचा शिष्टाचार आहे. आपण कोणाच्या तरी दरबारात चाललो आहोत याची जाणीव त्या वाटेवर होत जाते.

जहांगीरने हा सगळा शिष्टाचार मोडीत काढला. ती थेट फुटपाथला येऊन भिडते. दारावर काँक्रीटचे, वळ्यावळ्यांचे छत पुढे आलेले आहे. खाली दोन-चार पायऱ्या आणि मग उघडे दार. तिकीट नाही. पाऊस चुकवायला आत शिरलेला माणूस चित्रे पाहून बाहेर पडतो, हे या इमारतीचे खरे यश. ते छत शोभेचे नाही. रस्ता कुठे संपला आणि गॅलरी कुठे सुरू झाली हे कळू नये, एवढ्यासाठी ते तिथे आहे, असे मी मानतो. मग पायऱ्यांपुढच्या कोणत्याही आराखड्याला कसोटी एकच लावायची : त्या छताने जे आरंभले ते हा आराखडा पुढे नेतो, की तिथेच तोडतो?

पुढची जागा मुळातच मोकळी झालेली जागा आहे. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला गेला. रॅम्पार्ट रो या नावात तो तट अजून शिल्लक आहे, जरी पाटीवर आता के. दुभाष मार्ग असले तरी. तट गेल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात शहराने आपली नवी हौस मांडली : वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा, डेव्हिड ससून लायब्ररी आणि १८७९मध्ये युवराज एडवर्डचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा. शिल्पकार बोम, देणगी अल्बर्ट ससून यांची. स्वार राजघराण्यातला, पण लोकांनी नाव ठेवले ते घोड्याचे. (मुंबईच्या या खोडकरपणावर एक वेगळा लेख होईल.) १९६५ साली पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. वसाहतीचे प्रतीक हलवले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुतळा गेल्यावर ती जागा कोणाला मिळाली, तर उभ्या गाड्यांना. राजपुत्राची जागा वाहनतळाने घेतली आणि त्याविरुद्ध कोणी चळवळ केली नाही.

१९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि पुढल्या वर्षापासून कला महोत्सव भरू लागला. या मंडळींचे ऋण मान्य केले पाहिजे. परिसरातल्या जुन्या इमारतींकडे शहराचे लक्ष वळवण्यात महोत्सवाचा वाटा मोठा आहे. तरीही महोत्सवाने नकळत एक गोष्ट सिद्ध केली, तिचा उच्चार फारसा होत नाही. महोत्सवाचे नऊ दिवस दुभाष मार्ग वाहनांना बंद होतो, वाहनतळाची जागा माणसांनी भरते, आणि शहर बंद पडत नाही. नऊ दिवस जे चालते ते उरलेल्या दिवसांत का चालू नये, हा प्रश्न दर वर्षी मांडव काढताना मांडवाबरोबर गुंडाळला जातो.

२०१७ साली घोडा परतला, या वेळी स्वाराशिवाय. अल्फाज मिलर यांची संकल्पना आणि श्रीहरी भोसले यांचे शिल्प. बिनस्वाराचा घोडा ही कल्पना मला चांगली वाटते. लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच केलेल्या निवाड्यावर तिने शिक्कामोर्तब केले. पण शिल्प आल्याने जागा बदलली का? घोडा उंच चौथऱ्यावर आहे आणि शेजारी गाड्या आहेतच. त्याच्याकडे पाहता येते, त्याच्यासमोर फोटो काढता येतो. घोड्याच्या सावलीत दुपारी डबा खाणारी माणसे दिसली असती, तर मी या शिल्पाला अधिक गुण दिले असते.

अलीकडे आसपासच्या गल्ल्यांत काळ्या बेसॉल्टची फरसबंदी झाली आणि २०२५च्या सुरुवातीपासून शनिवार-रविवारच्या संध्याकाळी काही गल्ल्या वाहनांना बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. दगड आपल्या मातीतला, काम नीटस, आणि रोप वॉक लेनमधून गाडीच्या धास्तीशिवाय चालणे सुखाचे आहे. पण या गल्ल्यांत आता बसायचे म्हटले, तर बहुतेक ठिकाणी समोर मेनूकार्ड येते. लंडनच्या एक्झिबिशन रोडची इथे आठवण होते. १८५१च्या महाप्रदर्शनावरून नाव पडलेल्या त्या संग्रहालयांच्या रस्त्याची डिक्सन जोन्स या वास्तुकारांनी २०१२च्या सुमारास पुनर्रचना केली. पदपथाची कड काढून टाकून भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच सपाट, तिरक्या चौकडीची फरसबंदी केली. रस्ता फार सुंदर दिसतो. मात्र गाड्या राहिल्या, आणि पदपथाची कड काठीने चाचपत चालणाऱ्या अंधांच्या संघटनांना याविरुद्ध भांडावे लागले. जमिनीचा पोत बदलला म्हणून जागेची मालकी बदलत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे.

मालकीचा हा प्रश्न सगळ्यात नेमका मांडला तो एका मराठी कवीने, तोही इंग्रजीत. अरुण कोलटकरांचा ‘काळा घोडा पोएम्स’ २००४ साली आला. वेसाइड इनच्या खिडकीशी बसून त्यांनी जे पाहिले, त्यात भटका कुत्रा आहे, रस्त्यावरच्या माणसांना इडल्या विकणारी बाई आहे, कचरा वेचणारी माणसे आहेत. वारसा इमारतींच्या यादीत यांतले कोणीच नाही. काळा घोड्याचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक सर्वेक्षण म्हणून वाचावे, असे मी गंभीरपणे म्हणतो : कोण किती वाजता येतो, कुठे टेकतो, काय खातो, हे इतक्या बारकाईने कोणत्या सल्लागाराने टिपले आहे?

वेसाइड इन गेले. जहांगीरमधले समोवार १९६४ साली सुरू झाले आणि मार्च २०१५मध्ये बंद झाले. म्युझियमच्या बागेला लागून असलेल्या त्या अरुंद पडवीत एका चहावर दोन तास काढलेल्यांत नावाजलेले चित्रकार होते आणि कॉलेजातली पोरेही. गॅलरीच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी सुरू केलेली केमोल्डही २००७ साली दुसरीकडे गेली. ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये मिटले. प्रत्येकाची कारणे वेगळी, पण बेरीज एकच. कमी पैशांत रेंगाळायच्या जागा इमारतींच्या आतून नाहीशा होत असताना, बाहेरच्या सार्वजनिक जागेवरची जबाबदारी वाढत गेली होती. ती तिने घेतली नाही.

घेतली ती फुटपाथवरच्या चित्रकारांनी. जहांगीरबाहेर चित्रे मांडून बसणारी, समोर बसवून व्यक्तिचित्र काढून देणारी ही मंडळी म्हणजे गॅलरीचा उघड्यावरचा विस्तार आहे. आत भिंत मिळायला आठवड्याचे भाडे आणि वर्षांची प्रतीक्षा. बाहेर ऊन सोसायची तयारी पुरते. दर्जा एकसारखा नाही हे खरे. पण आतलाही नसतो. ज्याने आयुष्यात गॅलरीचे दार ओलांडलेले नाही तो माणूस चित्रकाराचा हात चालताना इथे पाहतो, आणि कधी कधी तिथूनच पायऱ्या चढतो. एवढे करूनही कोणत्याही नव्या आराखड्यात पहिला धोका यांनाच असतो, कारण संगणकावर काढलेल्या स्वच्छ फुटपाथच्या चित्रात दोरीला टांगलेले कॅनव्हास बसत नाहीत.

जागा नाही, हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. एक मोटार उभी करायला साधारण २.५ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. तेवढ्यात चार चित्रकार त्यांच्या चित्रांसह आणि समोर स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकासह मावतात. कोर्टाची, कचेऱ्यांची माणसे गाड्या कुठे लावणार, हा प्रश्न रास्त आहे, पण मेट्रो-३चे हुतात्मा चौक स्थानक इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सगळा वाहनतळ एका दिवसात हटवा, असे मी म्हणत नाही. घोड्याच्या बाजूची पहिली रांग काढा. तिथे झाडे लावा, पाठ टेकता येईल अशी बाके ठेवा, चित्रे अडकवायला कायमच्या खुंट्या असलेली चौकट उभारा, आणि तिच्यावर छप्पर घाला. जूनच्या पहिल्या सरीला बाहेरचे चित्रकार प्लॅस्टिकचे कागद ओढून कॅनव्हास झाकू लागतात, आणि जहांगीरचे ते वळ्यावळ्यांचे छत पदपथावर संपते, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर.