कार्यप्रणाली केव्हा बदलावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे कार्यप्रणालीची, नेहमीची देखभाल थांबवली. दुसऱ्या दिवशी घरोघरचे संगणक पूर्वीसारखेच सुरू झाले, त्यामुळे गोंधळ वाढला. नागपुरात सीताबर्डीच्या किंवा धरमपेठेच्या दुकानात विचारावे तर ‘नवा संगणकच घ्या’ असे उत्तर मिळते; शिक्षककक्षात ‘चालतोय ना, मग हात कशाला लावता?’ असे ऐकू येते. आमच्या मते दोन्ही सल्ले अपुरे आहेत.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि साठवलेल्या फायली यांचा मेळ ती घालते. तिच्या आज्ञावलीत कोट्यवधी ओळी असतात. साहजिकच काही उणिवा राहून जातात. त्या सापडतील तशा कंपनी दुरुस्त्या पाठवते. दुरुस्ती बसवणे वेगळे आणि प्रणाली बदलणे वेगळे. हा फरक ध्यानात ठेवला की निर्णय सोपा होतो.

प्रणाली बदलण्याचे रास्त कारण कोणते, याचे उत्तम उदाहरण मराठीचेच आहे. विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरी लिहिण्याची अंगभूत सोय नव्हती. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रश्नपत्रिका उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीबरोबर ती घरगुती संगणकांपर्यंत पोचली. मराठीत काम करणाऱ्याला तेव्हा बदल करणे फायद्याचेच होते, कारण त्याचे काम जुन्या प्रणालीत नीट होतच नव्हते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. तिने वापरलेल्या उणिवेची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. बळी पडलेल्या संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. ती प्रणाली तेव्हा देखभालीखालीच होती, पण दुरुस्ती बसवलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने इतर मार्गांबरोबर हीच उणीव वापरली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. म्हणजे केवळ नवी प्रणाली असून भागत नाही, आणि दुरुस्त्या येणे थांबलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणेही धोक्याचे.

या निकषांवर विंडोज ११ कडे पाहू. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीला ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण लागते, इथवर ठीक. परंतु सांकेतिक किल्ल्या जपणारी टीपीएम २.० ही सोयही तिला हवी, आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचे सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे प्रोसेसर त्यात बसतात. किल्ल्या अशा जपल्याने सुरक्षितता वाढते हे खरे. तथापि २०१६ साली घेतलेला धडधाकट संगणक केवळ यादीत नाही म्हणून मोडीत काढावा, हे आम्हाला पटत नाही. विंडोज १० ची दुरुस्ती अशक्य झाली असेही नाही, कारण नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीनेच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. तेव्हा हा निर्णय तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक आहे. त्याचा भुर्दंड मात्र ग्राहकाला बसतो आणि ई-कचऱ्यात भर पडते.

अशा संगणकावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवता येते. तिच्या दीर्घ देखभालीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात आणि मराठीही चालते. केवळ विंडोजवर चालणारे कार्यक्रम किंवा एखादे छपाईयंत्र अडचण करू शकते. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहावी.

थोडक्यात, नवी आवृत्ती आल्याबरोबर धावू नये, आवश्यक काम अडत असेल तर बदलावे, आणि दुरुस्त्या थांबण्याआधी निर्णय घ्यावाच. मुहूर्तही पाहावा. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत हे काम काढू नये. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. प्रणाली बसत असताना वीज गेली तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येते. यूपीएस लावून आणि सर्व फायलींची वेगळी प्रत घेऊनच सुरुवात करावी. जुने मराठी फॉन्टही जपून ठेवावेत.

विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. प्रत्येकाने घरच्या संगणकाच्या खरेदीचे वर्ष, प्रणालीची आवृत्ती, दुरुस्त्या थांबण्याची तारीख आणि त्यावर होणारी कामे वहीत लिहावीत. बदल हवा की नको, हे त्या नोंदींवरून त्यांनाच ठरवू द्यावे.