सायकलपटू, सायकलस्वार आणि पाववाला

सायकल शर्यतींच्या मराठी वृत्तलेखनाचे भाषिक परीक्षण ‘घाटाचा राजा’ या संज्ञेपासून आरंभिणे उचित ठरेल. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांआधी पार करणाऱ्या स्पर्धकास हा किताब मिळतो. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत चढणींची स्वतंत्र क्रमवारी १९३३ पासून असून तिच्या विजेत्यास ‘पर्वतांचा राजा’ या अर्थाची उपाधी आहे. मराठी संज्ञा तिच्यावरून घडली असो वा नसो, तिच्यातील ‘घाट’ हा शब्द अधिक अन्वर्थक आहे. डोंगर आणि त्यातून जाणारी वाट हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत.

माणसांच्या नामकरणात मात्र हा विवेक आढळत नाही. शर्यतीत उतरणारा तो ‘सायकलपटू’. पहाटे हेल्मेट घालून अंधेरीहून बोरिवलीकडे निघणारा हौशी चालकही पुष्कळदा ‘सायकलपटू’, निदान ‘सायकलप्रेमी’ तरी ठरतो. त्याच वेळी घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांतून कॅरियरवर भरलेली टोपली तोलीत जाणारा मात्र केवळ ‘पाववाला’! संस्कृत ‘पटु’ने नैपुण्य सूचित होते, फारसीतून आलेल्या ‘स्वारा’ने वाहनाशी असलेले नाते, तर ‘वाला’ या प्रत्ययाने येथे फक्त माल. पाववाल्याच्या नावातून त्याची सायकलच लुप्त झाली आहे. वाहनाचेही तेच. ‘गिअरची सायकल’ रूढ होताच पूर्वीची सायकल ‘साधी’ झाली.

‘पाववाला’ ही व्यवसायदर्शक संज्ञा असून तीत अवहेलना नाही, असा आक्षेप संभवतो. व्यवसायाच्या संदर्भात तो ग्राह्यही आहे. परंतु रस्त्यावरील सोयींची चर्चा निघते तेव्हा मागणी ‘सायकलप्रेमीं’ची म्हणून छापली जाते, उदरनिर्वाहासाठी रोज सायकल चालविणारा त्या शब्दाच्या कक्षेत येत नाही. त्याला मोटारीची धडक बसली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र तो ‘सायकलस्वार’ होतो. जे नाव अपघाताने मिळते, ते त्याला आधी का मिळू नये?

‘सायकलपटू’ हा शब्द स्पर्धकापुरता राखावा आणि रस्त्यावरील प्रत्येक चालकास ‘सायकलस्वार’ म्हणावे, एवढा संकेत वृत्तलेखकांनी पाळला तरी पुरे. शब्द नवा घडवावयाचा नाही. असलेला शब्द सर्वांना सारखा लावावयाचा आहे.