भूत वाड्यातच का?

कॉलेजच्या हॉरर शॉर्टफिल्मची पोस्टरं मला एकाच घरची वाटतात. काळोख, रक्ताळलेली अक्षरं, पडका वाडा. 'तुंबाड'मध्ये (२०१८) वाडा शोभतो, कारण तिथली भीती त्याच घराच्या हावेतून येते. बोईसरच्या पोरांनी तो उसना का घ्यावा? शेजारी तारापूरला १९६९पासून अणुवीज केंद्र आहे, एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. अपरात्री भोंगा वाजतो आणि रात्रपाळीला गेलेला बाप फोन उचलत नाही, यात भय नाही?

हॉररचा साचा मला आवडतो. पण साचा म्हणजे नुसतं भांडं, त्यात शिजायला हवी आपल्या गावची भीती. पोस्टरवर वाड्याऐवजी कारखान्याची चिमणी ठेवून बघा. अक्षरं लाल करायची गरजच उरणार नाही.