वाट दिली, की काढून घेतली?

मंडळी, 12 मे 2002 ची ऑस्ट्रियन ग्रां प्री तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर बघितली असेल. फेरारीचा रुबेन्स बारिकेलो पोल पोझिशनवरून निघाला आणि जवळपास सगळी शर्यत पुढे होता. शेवटच्या फेरीत, रेषा अगदी समोर आलेली असताना, त्यानं वेग कमी केला. जोडीदार मायकेल शूमाखर 0.182 सेकंदांनी जिंकला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाखरनंच मग बारिकेलोला ओढून पहिल्या पायरीवर उभं केलं.

फेरारीचं म्हणणं असं, की करार संघाशी आहे, गुण महत्त्वाचे आहेत. बरं, किती गुण? पहिल्याला 10, दुसऱ्याला 6. म्हणजे चार गुणांसाठी हे सगळं! आणि शूमाखरनं आधीच्या पाचपैकी चार शर्यती जिंकलेल्या होत्या. पुढे जुलैमध्ये, सहा शर्यती शिल्लक असतानाच, तो जगज्जेता झाला.

पण समजा, गुण खरंच हवे होते. मग चाललं असतं का? इथे मला 1956 ची मोंझाची शर्यत आठवते. फांजिओची गाडी बिघडली. तेव्हा चालू शर्यतीत दुसऱ्याची गाडी घेऊन पुढे जाता येई. त्याच संघातला लुइजी मुस्सो पिटमध्ये आला होता, त्यानं गाडी सोडली नाही. पीटर कॉलिन्स आला, उतरला आणि त्यानं आपली गाडी फांजिओला दिली. स्वतः जगज्जेता व्हायची संधी असताना! ते दान आहे, कारण नाही म्हणता येत होतं. मुस्सोनं तसं केलंच होतं. बारिकेलोला रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्याला आपण त्याग म्हणायचं?

आता एफआयएची गंमत बघा. दंड केला दहा लाख डॉलरचा, त्यातला निम्मा स्थगित. कशाबद्दल? तर पोडियमवरचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! शर्यत सोडायला लावली, त्याबद्दल काही नाही. मग 2003 पासून अशा आदेशांवर बंदी आली. त्यातून संघ शिकले काय, तर आडून बोलायला. 2010 साली हॉकेनहाइमला फेलिपे मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, हंगेरीत त्याच्या डोक्याला जीवघेणी दुखापत झाली होती. इंजिनिअर रॉब स्मेडली रेडिओवर म्हणाला, 'फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे.' एवढंच. मासानं अलोन्सोला वाट दिली. एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र तसाच राहिला. 2011 पासून बंदीही उठली.

बंदी उठली ते बरंच झालं, असं माझं मत. सायकलिंगमध्ये मदतनीस स्वार आपल्या म्होरक्यासाठी राबतो, त्याला कुणी हुर्यो करत नाही. कोण कुणासाठी राबतोय, ते आधीच ठाऊक असतं. फेरारीनं ऑस्ट्रियात तिकिटं विकली ती दोघांच्या शर्यतीची नव्हे, असं कुणाला सांगितलं होतं का? मासा बाजूला झाल्यावर स्मेडली रेडिओवर 'सॉरी' म्हणाला, तेसुद्धा सगळ्या जगानं ऐकलं. मग त्याच संध्याकाळी संघानं 'आदेश नव्हताच' असं म्हणावं, हे मला त्या वाट देण्यापेक्षा जास्त खटकतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.